निळ्या थरांखालचा समुद्र

मार्च २०२१ मध्ये सॅफ्रनआर्ट या संस्थेच्या लिलावात वासुदेव संतू गायतोंडे यांचे एक तैलचित्र ३९ कोटी ९८ लाख रुपयांना विकले गेले. १९६१ साली रंगवलेल्या या चित्राला शीर्षक नाही. त्यात गलबत नाही, किनारा नाही, लाट म्हणून बोट ठेवावे असा आकार नाही. निळ्या आणि हिरव्या छटा एकमेकींत उतरत गेल्या आहेत आणि त्यांच्यामधून कुठूनसा उजेड येतो आहे, इतकेच त्याचे वर्णन करता येते. तरीही चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या बहुतेकांना सर्वप्रथम समुद्र आठवतो. स्वतः गायतोंडे यांना हे कितपत रुचले असते, याची शंकाच आहे. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणायलाही ते राजी नसत. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणजे वस्तुनिरपेक्ष, हा शब्द त्यांना योग्य वाटे; कारण अमूर्त म्हटले की आधी काही मूर्त होते आणि त्याचा अर्क काढला, असा अर्थ निघतो. मात्र जो चित्रकार उमेदीची वर्षे समुद्राकाठच्या खोलीत रंग लावत होता, त्याच्या निळाईचा समुद्राशी काहीच संबंध नाही, हे म्हणणेही सोपे नाही. हा संबंध कोणत्या प्रकारचा आहे, हे समजून घ्यायचे तर आधी समुद्राला त्याचा रंग कुठून मिळतो, ते पाहावे लागते.

या प्रश्नाच्या उत्तराचा मुंबईशी एक जुना संबंध आहे. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राच्या गर्द निळ्या रंगाने त्यांचे लक्ष वेधून घेतले. त्या काळी लॉर्ड रॅले यांचे मत प्रमाण मानले जाई : खोल समुद्राची निळाई ही पाण्याची नव्हेच, ती पाण्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब आहे. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम हे छोटेसे उपकरण होते. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन येणारा उजेड त्यातून विशिष्ट कोनात पाहिल्यास जवळजवळ गाळून टाकता येतो. आकाशाचे प्रतिबिंब असे बाजूला सारल्यावरही समुद्र निळाच राहिला. उलट तो अधिक गर्द दिसला. निळाई पृष्ठभागावर नव्हती, आतून येत होती. बोट मुंबई बंदरात असतानाच रामन यांनी हे निरीक्षण ‘नेचर’ नियतकालिकाला लिहून पाठवले. प्रकाशाच्या विकिरणाचा त्यांचा पुढील शोध, ज्याला ‘रामन परिणाम’ म्हणतात, तो २८ फेब्रुवारी १९२८ चा. त्याची एक सुरुवात या बोटीवरच्या कुतूहलात आहे.

आजच्या ज्ञानानुसार यात आणखी एक भर घालावी लागते. पाणी स्वतःच तांबड्या प्रकाशाचे शोषण करते. सूर्यप्रकाशातील तांबडा, नारिंगी भाग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. निळा सर्वांत खोलवर जातो आणि पाण्याच्या रेणूंवरून विखरून परत वर येतो. म्हणजे समुद्राचा रंग ही प्रकाशाने केलेल्या जाण्यायेण्याची गोष्ट आहे. पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढल्या की त्यांतील हरितद्रव्यामुळे तो हिरव्याकडे झुकतो. गाळ मिसळला की मातकट होतो.

मुंबईचा समुद्र या दुसऱ्या प्रकारात मोडतो. किनाऱ्यालगत तो उथळ आहे, खाड्यांमधून गाळ येतो, भरती-ओहोटी मोठी असल्याने तळ सतत ढवळला जातो. त्यामुळे पर्यटनाच्या जाहिरातीत शोभणारी निळाई इथे क्वचितच दिसते. राखी, शेवाळी, शिसवी, पावसाळ्यात चहासारखी तपकिरी, आणि पश्चिमेकडे तोंड असल्यामुळे संध्याकाळी काही मिनिटे वितळलेल्या धातूसारखी, अशा तिच्या छटा असतात. ओहोटीला ब्रीच कँडीचे काळे खडक उघडे पडतात. गायतोंडे यांच्या चित्रांतली निळी-हिरवी कधीच स्वच्छ, धुतल्यासारखी नसते, तिच्यात नेहमी काहीतरी करडे मिसळलेले असते, हे लक्षात घेतले तर हा किनारा आठवल्यावाचून राहत नाही.

तैलरंग या माध्यमाकडे आता वळता येईल. रंगद्रव्याची पूड जवसाच्या तेलात घोटून तैलरंग तयार होतो. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते आणि त्याचा चिवट, पारदर्शक पापुद्रा बनतो. पातळ थर हाताला कोरडा लागायलाही काही दिवस जातात. आतपर्यंत वाळायला महिने, कधी वर्षे लागतात. या मंदपणाचा चित्रकाराला फायदा होतो. रंग ओला असेपर्यंत तो पुसता येतो, खरवडता येतो, दाबून पसरवता येतो, शेजारच्या रंगात मिसळवता येतो. आणि वाळलेल्या थरावर दुसरा पातळ थर दिला, की वरून आलेला प्रकाश त्या पारदर्शक थरातून खाली जातो, खालच्या रंगावर आपटतो आणि पुन्हा वरच्या थरातून गाळून बाहेर येतो. प्रकाश रंगाच्या आत जाऊन परततो. पाण्यात जे घडते त्याच्याशी याचे साम्य आहे. पोस्टर रंगाच्या सपाट, अपारदर्शक निळ्यातून समुद्र का आठवत नाही आणि थरांनी बांधलेल्या तैलरंगातून तो का आठवतो, त्याचे कारण इथे सापडते.

अर्थात प्रत्येक निळा असा वागत नाही. अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू हे पारदर्शक रंग. विरिडियन हा थंड, निळसर हिरवाही पारदर्शक. त्यांचे थर एकावर एक चढवता येतात. त्यात टायटॅनियम व्हाइट मिसळला, की रंग उजळ होतो पण त्याची खोली जाते. समुद्राचे आकाश होते. नावांचीही एक गंमत आहे. ‘अल्ट्रामरीन’ या शब्दाचा अर्थ ‘समुद्रापलीकडचा’. पण त्याचा समुद्राच्या रंगाशी काही संबंध नाही. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द हा दगड जलमार्गाने युरोपात येई, म्हणून हे नाव. एकोणिसाव्या शतकात तो कारखान्यात तयार होऊ लागला आणि सोन्याच्या भावाचा हा रंग सामान्य चित्रकाराच्या पेटीत आला.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, नागपूरचा. कुटुंब मूळचे गोव्याचे. बालपण आणि तारुण्य गिरगावातल्या चाळीत गेले. १९४८ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी पदविका घेतली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ते १९५० च्या सुमारास सामील झाले, मात्र त्या गटाच्या गजबजाटात ते कधीच फारसे रमले नाहीत. सुरुवातीला भारतीय लघुचित्रांच्या रंगांनी त्यांना ओढून घेतले होते. पुढे त्या चित्रांतील मनुष्याकृती वगळून नुसता रंगच ठेवला तर काय होईल, या दिशेने त्यांचे काम गेले. पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा प्रभाव पन्नाशीच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांवर स्पष्ट दिसतो : बारीक रेषा, चिन्हांसारखे आकार, खेळकर रंग. १९५७ मध्ये टोकियोतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत रेषा आणि आकार दोन्ही विरघळत गेले.

ही वर्षे भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमधली. वॉर्डन रोडवर, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई मार्गावर, समुद्राला लागून असलेल्या बंगल्यात ही संस्था चालत असे. नामांकित वकील आणि स्वातंत्र्यसेनानी भुलाभाई देसाई यांच्या निधनानंतर त्यांच्या कुटुंबाने हा बंगला कलावंतांसाठी खुला केला होता. नाममात्र भाड्यात चित्रकारांना खोली मिळे. इब्राहिम अल्काझी यांची नाट्यचळवळ, रविशंकर यांची संगीतशाळा आणि चित्रकारांचे स्टुडिओ एकाच छताखाली असण्याचे भाग्य मुंबईला त्यापूर्वी लाभले नव्हते आणि पुढेही लाभले नाही. प्रफुल्ला जोशी, म्हणजे नंतरच्या प्रफुल्ला डहाणूकर, यांनी काही काळ गायतोंडे यांच्याबरोबर एकाच खोलीत काम केले. समुद्राकडे तासन्‌तास पाहत बसणारे गायतोंडे, ही त्या काळातल्या अनेकांच्या आठवणीतली प्रतिमा आहे. यात कुठे समुद्राची रेखाटने करणे नव्हते, की रंगाची टिपणे काढणे नव्हते. पाहणे आणि गप्प राहणे, इतकेच होते. झेन विचार, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज यांच्याविषयीची त्यांची ओढ सर्वश्रुत आहे. मौन हा त्यांच्या बोलण्यात वारंवार येणारा शब्द होता. वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे पूर्ण करणाऱ्या या चित्रकाराचा बराचसा वेळ चित्र न काढण्यात जाई, आणि तोही कामाचाच भाग होता. पुढे तो बंगला पाडला गेला आणि त्या जागेवर बहुमजली इमारत उभी राहिली.

प्रत्यक्ष चित्र तयार होण्याची रीत मात्र गूढ नव्हती. ती अत्यंत कारागिरीची होती. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला गायतोंडे यांनी कुंचला जवळजवळ बाजूला ठेवला आणि पॅलेट नाइफ व रोलर हाती घेतले. रोलरने पातळ केलेला रंग कॅनव्हासवर पसरायचा. तो पूर्ण सुकण्यापूर्वी नाइफने काही ठिकाणी उचलून घ्यायचा, खालचा थर उघडा करायचा. पुन्हा वरून रंग फिरवायचा. साठीच्या उत्तरार्धापासून यात कागदाची भर पडली. कागदाचे कापलेले किंवा फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून रोलरने दाबले, की कागद उचलताना काही रंग त्याच्याबरोबर निघून येतो आणि काही मागे राहतो. अशा प्रकारे उमटलेला आकार काढल्यासारखा दिसत नाही. तो पाण्याखालून वर आल्यासारखा वाटतो. रंग किती पातळ, किती ओला, दाब किती, आणि थांबायचे केव्हा, यांवर सगळे अवलंबून. शेवटच्या मुद्द्यात गायतोंडे यांचा हात धरणारा चित्रकार भारतात सापडणे कठीण.

१९६१-६२ च्या आसपासच्या चित्रांकडे या दृष्टीने पाहिले, की एक अडचण त्यांनी कशी सोडवली तेही ध्यानात येते. समुद्रावरून सुचलेले अमूर्त चित्र फसते ते बहुधा क्षितिजापाशी. निळ्या पृष्ठभागावर एक आडवी रेघ आली रे आली, की डोळा वरच्या भागाला आकाश आणि खालच्या भागाला पाणी ठरवून मोकळा होतो; चित्राचे निसर्गदृश्य होते. गायतोंडे यांच्या या काळातील चित्रांत आडवे पट्टे येतात, पण ते कडेपर्यंत जात नाहीत. मध्येच धूसर होतात, एकाहून अधिक उंचीवर येतात, आणि त्यांच्या वर-खाली सारखाच उजेड असतो. त्यामुळे दूर कुठेतरी पाहत असल्याची भावना होते, परंतु कशाकडे, ते ठरत नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांचे १९६२ सालचे ‘पेंटिंग, ४’ हे तैलचित्र आहे. शीर्षकाऐवजी क्रमांक देणे किंवा शीर्षकच न देणे, यामागेही हीच सावधगिरी असावी. ‘सागर’ असे एखादे नाव दिले असते, तर प्रेक्षकाने चित्र पाहण्याऐवजी नाव वाचले असते.

१९६४ मध्ये जॉन डी. रॉकफेलर तृतीय निधीची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले. मार्क रॉथ्को यांच्या चित्रांशी त्यांच्या चित्रांची तुलना नेहमी केली जाते. दोघांच्याही चित्रांत रंग श्वास घेतो, हे खरे. परंतु रॉथ्को यांचे रंगाचे आयत प्रेक्षकाच्या अंगावर येतात. गायतोंडे यांचा रंग मागे सरकतो आणि प्रेक्षकाला आत यायला लावतो. शिवाय निळ्या-हिरव्या थरांची ही भाषा अमेरिकेला जाण्यापूर्वीच वॉर्डन रोडवर घडली होती, हा कालक्रम लक्षात ठेवला पाहिजे. भारतीय आधुनिक चित्रकलेतील प्रत्येक गोष्टीचे मूळ पश्चिमेकडे शोधण्याच्या सवयीमुळे तो अनेकदा विसरला जातो.

१९७१ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाल्यानंतर, १९७२ मध्ये गायतोंडे दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन भागातील एका बरसातीत राहू लागले. आता खिडकीतून समुद्र दिसण्याचा प्रश्नच नव्हता. चित्रांत पिवळे, तांबूस, राखी रंग आले. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या भारतातील पहिल्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना विकले गेलेले १९७९ चे चित्र सोनेरी पिवळे आहे. परंतु थर, उजेड आणि खोली तीच राहिली. समुद्राने गायतोंडे यांना निळा रंग दिला असता, तर तो दिल्लीला सुटला असता. त्यांनी घेतले ते रंग आतून कसा येतो याचे ज्ञान. ते सोनेरी रंगालाही तितकेच लागू पडले. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे त्यांना मोठे कॅनव्हास करता आले नाहीत. नंतर ते पुन्हा रंगवू लागले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांत त्यांना मिळालेली जागा फारच थोडी होती. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. मराठीत ‘चिन्ह’ने त्यांच्यावर काढलेला ‘गायतोंडे’ हा ग्रंथ त्यानंतरचा.

भुलाभाई इन्स्टिट्यूटमधल्या समुद्राचा आणखी एक वारसा आहे. नसरीन मोहमदी यांनी साठीच्या दशकाच्या सुरुवातीस तिथे काम केले आणि गायतोंडे यांचा सहवास त्यांना लाभला. त्यांनी पुढे रंगच सोडला. शाई आणि पेन्सिलीच्या काटेकोर रेषा हे त्यांचे माध्यम झाले. किनाऱ्यावरची ओली वाळू, पाणी ओसरल्यावर राहिलेल्या रेघा यांची त्यांनी काढलेली छायाचित्रे पाहिली, की या रेषा कुठून आल्या ते कळते. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे, समुद्राच्या सान्निध्यातच, त्यांचे निधन झाले. एकाच समुद्राकडे पाहून एकाने रंगाचे थर घ्यावेत आणि दुसरीने नुसती रेघ, हे प्रेरणा या शब्दाचे खरे स्वरूप आहे. हॉटेलांच्या दालनांतून आणि नव्या सदनिकांच्या दिवाणखान्यांतून सोफ्याच्या रंगाशी जुळणारी ‘सी अॅबस्ट्रॅक्ट’ नावाची जी निळी चित्रे टांगलेली असतात, त्यांच्यात समुद्राचा रंग असतो, पण पाहणे नसते. त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही.

अशी चित्रे पाहायची कशी, याविषयी मात्र थोडे सांगायला हवे. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर गायतोंडे यांचे चित्र जवळजवळ नाहीसे होते. पडदा स्वतः प्रकाश टाकतो; थरांतून परतणारा प्रकाश तो दाखवू शकत नाही. छापील पुस्तकातही निळ्या-हिरव्याच्या सूक्ष्म फरकांचा एकच रंग होतो. प्रत्यक्ष चित्रासमोर आधी आठ-दहा फुटांवर उभे राहावे, मग हळूहळू जवळ जावे, आणि शेवटी एका बाजूने तिरके पाहावे. तिरके पाहताना रोलरने उमटवलेला पोत, नाइफने उचललेल्या कडा आणि कागदाने ओढून नेलेल्या रंगाच्या जागा दिसू लागतात. पुन्हा मागे आले, की हे सगळे उजेडात विरघळते. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटे लागतात. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठीच असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही ती आहेत. होमी भाभा यांच्या रसिकतेमुळे हा संग्रह उभा राहिला. तिथे सर्वसामान्यांना सहज प्रवेश नाही, ही खंत आहे.

तैलरंगाचे आयुष्य मोठे असले तरी तो बदलतो. जवसाचे तेल काळाच्या ओघात पिवळसर होत जाते. पिवळ्या चित्रात ते खपून जाते. निळ्यावर पिवळी छटा आली, की निळा हिरवट दिसू लागतो. मुंबईच्या पावसाळी दमटपणात कॅनव्हास सैल पडतो, बुरशी धरण्याची भीती असते, आणि मे महिन्यात तो पुन्हा ताणला जातो. या ओढाताणीत जाड थरांना भेगा जाऊ शकतात. म्हणून खालच्या थरांत तेल कमी आणि वरच्या थरांत अधिक, हा जुना नियम पाळावा लागतो. पिवळेपणाबाबत एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. थेट ऊन चित्राला घातक असले, तरी संपूर्ण अंधारही चांगला नसतो. जवसाचे तेल अंधारात अधिक वेगाने पिवळे पडते आणि सौम्य उजेडात ठेवल्यावर त्यातला काही पिवळेपणा मागे हटतो. कोट्यवधी रुपयांच्या किमतीमुळे भिंतीवरून उतरून, वेष्टनात गुंडाळून तिजोरीवजा गोदामांत जाणाऱ्या निळ्या चित्रांना हा नियम सर्वांत आधी लागू होतो.